खिंडीपर्यंतची फेरी

त्या वर्षी नोव्हेंबर निम्मा होत आला तरी थंडीचा पत्ता नव्हता. एरवी या दिवसांत आमच्या खोऱ्यात कोरडं वारं सुटतं, सकाळी पाण्यात हात घालवत नाही, आणि शेडमध्ये टांगलेल्या पर्सिमनच्या फळांच्या माळा बघता बघता सुकायला लागतात. त्या वर्षी दुपारी स्वेटर उतरवावा लागत होता. ऊन अंगाला गोड लागायचं आणि मला त्याचाच राग यायचा. असल्या दमट उबेत सोललेल्या फळाला देठापाशी बुरशी धरते. सकाळी उठून पहिलं काम म्हणजे माळा हाताळून बुरशीची फळं हेरून काढायची. बादली भरली की मी ती आमच्या ह्यांना न दाखवता मागच्या बांधावर ओतून यायची. दाखवून करायचं काय, ते काही थंडी पाडणार नव्हते.

घरात आम्ही तिघं. मी फुजिए, आमचे हे शिगेतो, आणि माझे सासरे तोमेकिची. सासऱ्यांना सगळं गाव आजोबाच म्हणतं, मीही तेच म्हणते. तेव्हा त्यांचं वय सत्त्याऐंशी. अंगानं धट्टेकट्टे, पण डोकं दोन वर्षांपासून विरत चाललेलं. सकाळचं जेवण दुपारी आठवायचं नाही. तरी एक गोष्ट रोज न चुकता सांगायचे, "आज चिझुरू आली होती."

चिझुरू म्हणजे आमची एकुलती एक लेक. टोकियोत एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. साथ सुरू झाल्यापासून ती गावी आली नव्हती. मे महिन्याच्या सुट्टीत नाही, पितरांच्या सणाला नाही. आम्हीच येऊ नको म्हटलं होतं.

का म्हटलं, तर उन्हाळ्यात खालच्या वाडीत झालेला प्रकार. तिथल्या एका घरी मुलगा नागोयाहून दोन दिवस राहून गेला. दुसऱ्या दिवशी दाराला कागद चिकटवलेला, 'परत जा.' नासपतीच्या तोडणीला ठरलेल्या बाया एकेक करून कंबर धरली, गुडघा धरला म्हणाल्या आणि फळ झाडावरच पिकून गळलं. आणि म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रानं त्यांच्या आजीला चौदा दिवस घेतलं नाही. नियमच होता तसा. प्रांताबाहेरच्या माणसाला भेटलात की चौदा दिवस केंद्र बंद. त्या चौदा दिवसांत ती आजी घरच्या न्हाणीत पडली ती पुन्हा उठलीच नाही.

आमच्याकडे सोलणीचा महिना. आम्ही दोघं पहाटेपासून शेडमध्ये, शेजारच्या कात्सुयोबाई आणि आणखी दोघी मदतीला. आजोबा केंद्रात जात होते म्हणून हे जमत होतं. घरी राहिले तेव्हा एकदा फळांना गंधकाची धुरी देतात त्या खोलीत शिरून बसले होते, नशिबानं धुरी अजून पेटवायची होती. चौदा दिवस त्यांना कोण सांभाळणार?

रविवारी मात्र केंद्राला सुट्टी. वसंतात दोन महिने केंद्र बंद होतं तेव्हा मी त्यांना टेम्पोत बसवून फिरवून आणायला लागले, ती सवय पडून गेली. दुपारी जेवण झालं की आजोबा टोपी घालून, गळ्यात टॉवेल टाकून टेम्पोपाशी उभे. लांब कुठे नाही. धरणापर्यंत, नाही तर देवळाच्या पायऱ्यांपर्यंत, कापलेल्या भातखाचरांतून. काच खाली करायची, डोंगरावर बर्फ कुठवर उतरलंय ते बघायचं, भाताचा एकेक गोळा खायचा आणि परत यायचं. खाली उतरायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही.

चिझुरू लहान असताना आजोबा तिला असंच फिरवायचे. टेम्पोत माणसं दोनच बसायची, पण ही मध्ये गिअरपाशी घुसून बसायची. वाटेत पोलीस दिसला की आजोबा आपला कोट तिच्या अंगावर टाकायचे. कोटाखालून ही विचारायची, "गेला का?" आणि पोलीस कधीचा मागे पडलेला असला तरी आजोबा म्हणायचे, "नाही गेला. गप बस." पोरीला हसून हसून उचकी लागायची.

ऑक्टोबरात मी फोनवर बोलू नये ते बोलून गेले. आजोबांनी केंद्रातल्या ओकुबो नावाच्या पोरीला चिझुरू म्हणून हाक मारली होती. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, वसंत येईतो माणसं ओळखतील न ओळखतील.

चिझुरू मग म्हणाली, "आई, मला एकदा येऊ दे. घरात नाही येत. गावातही नाही येत. नुसतं लांबून बघते."

"अगं, लांबून म्हणजे किती लांबून?"

"तू म्हणशील तितकं."

रात्री जेवताना ह्यांना विचारलं. ह्यांनी सूप संपवलं, वाटी खाली ठेवली. म्हणाले, "मी काही ऐकलं नाही." आणि अंघोळीला गेले. तेहेतीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं होकार कधी याहून वेगळा दिला नाही.

ठरलं ते असं. चिझुरू मैत्रिणीची गाडी घेऊन येणार, आमच्या खोऱ्यात न उतरता पलीकडच्या बाजूनं घाट चढणार. मी आजोबांना घेऊन अलीकडून चढणार. खिंडीत जुन्या कोळशाच्या भट्टीपाशी भेटायचं, दहा पावलांवरून. वर आता कुणी जात नाही. भट्टी मोडून पडली, रस्त्यावर पाचोळा. दिवस ठरवला पंधरा तारखेचा रविवार.

इथे माझं चुकलं. पंधरा नोव्हेंबरला शिकारीचा हंगाम उघडतो, शिकारी डोंगर चढतात. जन्मभर या गावात राहिलेल्या बाईला हे सांगायला नको. दरवर्षी आदल्या आठवड्यात घरोघरी फिरणाऱ्या सूचनेच्या पाटीवर शिकाऱ्यांच्या जेवणाचं आमंत्रण येतं. मी स्वतः त्या जेवणाला मुळे चिरून द्यायची. यंदा साथीमुळे जेवण रद्द, पाटीवर ओळ नाही, आणि माझ्या डोक्यातून तारीख साफ उतरली.

पंधरा तारखेला असं ऊन पडलं की बघत राहावं. मी भाताचे सहा गोळे केले, हिरव्या पाल्याचं लोणचं, उकडलेला भोपळा, डबा रुमालात बांधला. आजोबांना सांगितलं नाही कुठे जातोय ते. त्यांच्या पोटात राहिलं नसतं. टेम्पो घाटाला लागला तेव्हा आजोबा आपले काचेतून बोट दाखवून सांगत होते, ते बघ, झाडं पिवळी पडली, ते बघ, डुकरांनी उकरलंय.

खिंडीत गाडी उभी होती. निळी, छोटी. नंबराच्या पाटीवर 'नेरिमा'. टोकियोतलं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत मी पहिल्यांदाच बघत होते असं वाटलं.

मी टेम्पो अलीकडे थांबवला. आजोबांना उतरवलं, भट्टीच्या दगडावर बसवलं, डबा मध्यावर दुसऱ्या एका दगडावर ठेवला आणि मागे आले. चिझुरू गाडीतून उतरली. लोकरी टोपी, मास्क. वाळलेली दिसली. दहा पावलं म्हटलं होतं, ती पंधरावर उभी राहिली.

"आजोबा," ती म्हणाली. "आजोबा, मी."

आजोबांनी मान वर केली. तिच्याकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं. त्यांचं तोंड उघडलं.

तेवढ्यात वळणावरून टेम्पोचा आवाज आला. आमच्यासारखाच पांढरा टेम्पो, मागे कुत्र्याचा पिंजरा. तात्सुओ. कात्सुयोबाईंचा नवरा, अंगात शिकाऱ्यांचं भगवं जाकीट. ते बघितलं आणि मला तारीख आठवली.

तात्सुओनं टेम्पो थांबवून काच खाली केली. आधी निळ्या गाडीची पाटी बघितली, मग मला.

"काय वहिनी, आजोबांना फिरवताय?"

"हो," मी म्हटलं.

आजोबा दगडावरून उठले. चिझुरूकडे वळून कमरेत वाकले, परक्या माणसाला वाकतात तसे, आणि म्हणाले, "वाट चुकलात होय बाई? धरणाकडे जायचं ना तुम्हाला? हा रस्ता धरणाकडे जात नाही."

चिझुरूचे डोळे तेवढे मास्कच्या वर दिसत होते. ते मी विसरणार नाही.

"हो," ती म्हणाली. "चुकले."

"लांबून आलात. ऊन आहे तोवर परत फिरा. घाटात पाचोळा आहे, गाडी घसरते."

तात्सुओ म्हणाला, "मी पलीकडेच चाललोय, दोन सापळे बघायचेत. या माझ्या मागे, हमरस्त्याला लावून देतो." आवाजात ना राग ना लोभ. तो निघाला. चिझुरूला गाडीत बसावं लागलं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मी, तिची आई, मान खाली घालून उभी राहिले. दोन्ही गाड्या वळणाआड गेल्या. सगळं मिळून पाच मिनिटंही झाली नसतील.

डबा तसाच दगडावर होता. मी तो उचलला, आजोबांना टेम्पोत बसवलं. "खाऊन घेता का?" विचारलं.

"भूक नाही," म्हणाले. डबा मांडीवर घेतला, दोन्ही हात वर ठेवले आणि घर येईपर्यंत सोडला नाही. मला त्यांचा राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच राग आला. एवढा जीव टांगणीला लावून वर नेलं आणि माणसानं नातीला परकी समजून वाट सांगितली.

संध्याकाळी चिझुरूचा फोन आला. पोचले, एवढं बोलली. मग रडली. "आई, त्यांनी मला ओळखलं नाही. उशीर झाला."

"टोपी होती गं तुझी. मास्क होता."

"आवाज होता ना."



दुसऱ्या दिवशी साडेआठला केंद्राची गाडी दारात आली. शेडचं दार उघडं, कात्सुयोबाई आपल्या स्टुलावर बसून सोलायला लागलेल्या. फळ यंत्रावर चढवायचं, गर्रकन सालीची पट्टी निघायची, फळ टोपलीत. पन्नास वर्षांचा हात आहे त्यांचा. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. ओकुबो नेहमीसारखी थर्मामीटर आणि कागद घेऊन उतरली. कागदावर रोजचे प्रश्न. ताप, खोकला, आणि शेवटचा, गेल्या चौदा दिवसांत प्रांताबाहेरच्या माणसाशी भेट? होय, नाही. एकावर गोल करायचा.

ओकुबोनं आजोबांच्या कपाळाला थर्मामीटर धरलं आणि रोजची थट्टा केली, "काय आजोबा, काल कोण आलं होतं?"

मी पेन हातात धरून उभी. शेडमधलं यंत्र थांबलं.

आजोबा म्हणाले, "कोणी नाही."

"चिझुरूताई नाही आली?"

"ती टोकियोत असते. साथ चालू आहे. अशात कोणी येतं का?"

ओकुबो हसली. "आज आजोबा अगदी ताळ्यावर आहेत हो, फुजिएताई."

मी 'नाही'वर गोल केला. गोल नीट जुळला नाही, टोक बाहेर राहिलं. यंत्र पुन्हा सुरू झालं. गाडी आजोबांना घेऊन गेली आणि मला वाटलं, चला, तेवढंही गेलं त्यांच्या डोक्यातून. रोज सकाळी नात आली म्हणायचे, तेही संपलं. केंद्र वाचलं, त्याचं बरं वाटलं आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

मी आत येऊन माळा बांधायला बसले. कात्सुयोबाई यंत्रावरून नजर न काढता म्हणाल्या, "काल आमच्या ह्यांना खिंडीत कोणी टोकियोची बाई भेटली म्हणे."

"हो. मीही बघितली."

"वाट चुकली होती म्हणे."

"हो."

"चुकतं माणूस," कात्सुयोबाई म्हणाल्या. त्यांनी टोपलीतली राहिलेली फळं सोलली. मग उठल्या, स्टूल उचललं, आणि माझ्यापासून सात-आठ पावलांवर, पार दारापाशी नेऊन ठेवलं. यंत्रही ओढत नेलं. "इथे उजेड बरा आहे," म्हणाल्या आणि मास्क नाकावर चढवला.

दुपारी आम्ही सगळ्या एकत्र जेवायचो. त्या दिवशी त्या डबा घेऊन बाहेर आपल्या टेम्पोत जाऊन बसल्या. काच बंद करून, पाठ माझ्याकडे करून जेवल्या. मी चहाची किटली दारापाशी ठेवून आले. त्यांनी ती घेतली नाही. पण संध्याकाळी जाताना म्हणाल्या, "उद्या येते." उन्हाळ्यात त्या खालच्या वाडीतल्या घराला हे दोन शब्द कुणी म्हटले नव्हते. बाकीच्या दोघीही येत राहिल्या, म्हणजे कात्सुयोबाईंनी तोंड उघडलं नव्हतं.

मग मी दिवस मोजायला लागले. सकाळी डोळा उघडला की आधी आजोबांच्या कपाळाला हात, मग थर्मामीटर. साडेसदतीस झाला की केंद्र घेत नाही. छत्तीस चार. छत्तीस सहा. तिसऱ्या दिवशी ते दोनदा खोकले आणि माझ्या हातातला भात सांडला. सहाव्या दिवशी सदतीस दोन आला. मी खिडकी उघडली, त्यांचा स्वेटर काढला, पाच मिनिटांनी पुन्हा लावला. सदतीस एक. आमचे हे दारात उभे राहून बघत होते.

"अंथरुणात उबेत असतील," म्हणाले.

"असतील," मी म्हटलं.

ते शेडमध्ये गेले नाहीत. गाडी येईपर्यंत आजोबांशेजारी बसून राहिले. ओकुबोच्या थर्मामीटरवर छत्तीस नऊ आला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. उन्हाळ्यातली ती न्हाणीत पडलेली आजी मला रोज दिसायची. मी केंद्रात किती म्हाताऱ्यांच्या जिवाशी खेळतेय, हेही दिसायचं. केलेला गोल खोडता येत नव्हता. लेक फोनवर रोज सांगायची, मला काही नाही, ताप नाही, चव येते. तरी मी मोजतच राहिले.

आजोबा त्या दिवसांत फार बोलत नसत. चिझुरू आली होती असं एकदाही म्हणाले नाहीत. मधले दोन्ही रविवार मी त्यांना फिरायला नेलं नाही. मनच होईना. ते टोपी घालून टेम्पोपाशी उभे राहिले, मी कामात आहे म्हटलं, ते आत गेले.

शेवटच्या आठवड्यात एका पहाटे हवा पालटली. वरून वारं सुटलं, चांगलं सणसणीत. माळा एकमेकींवर वाजायला लागल्या. बुरशी थांबली. चार दिवसांत फळ बाहेरून राठ, आतून मऊ झालं आणि आम्ही माळा उतरवायला घेतल्या.

तीस तारखेला सोमवार होता. सकाळी कात्सुयोबाई आल्या, दारापाशी उभ्या राहून बोटांवर दिवस मोजत काहीतरी पुटपुटल्या, मग स्टूल उचलून आणलं आणि माझ्या शेजारी, जुन्या जागी ठेवलं. "दाराशी वारं फार लागतं," म्हणाल्या.

"केव्हाचं म्हणत होते मी, आत या," मी म्हटलं.

"म्हणत कुठे होतात?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं आणि चहाच्या किटलीकडे हात केला.

त्या दिवशी केंद्र लवकर सुटलं. तीन वाजता आजोबा घरी आले ते आत न येता सरळ टेम्पोपाशी जाऊन उभे राहिले. कात्सुयोबाई म्हणाल्या, "जा, आणा फिरवून. मी बघते इथलं."

मी इंजिन सुरू केलं. "कुठे जायचं आजोबा? धरण?"

"वर," ते म्हणाले.

"वर कुठे?"

"वर."

म्हणून पुन्हा घाट चढले. झाडं उघडी पडली होती, पाचोळा काळा पडला होता. वर पोचेपर्यंत आभाळ खाली आलं आणि काचेवर बारीक बर्फ टपटपायला लागलं, या थंडीतलं पहिलं. मी भट्टीपाशी टेम्पो थांबवला. इंजिन बंद केलं नाही, उबेसाठी. खिंडीत चिटपाखरू नव्हतं.

आजोबा पुढे वाकून काचेतून वळणाकडे बघत होते. बराच वेळ बघितलं. मग आवाज खाली करून म्हणाले, "गेला का?"

"कोण?"

"तात्सुओ."

माझा हात गिअरवर तसाच राहिला. "गेला," मी म्हटलं. "गेला, आजोबा."

"नक्की?"

"नक्की."

"मग बोलव पोरीला," ते म्हणाले. "किती वेळ लपून उभी राहील ती थंडीत. जेवलीही नाहीये."

मी दार उघडून खाली उतरले. बर्फात चालत वळणापर्यंत गेले, जिथून निळी गाडी दिसेनाशी झाली होती तिथपर्यंत. पलीकडचा रस्ता खाली उतरत गेला होता, रिकामा. मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि चिझुरू म्हणून हाक मारली. आणखी एकदा मारली.

परत आले तेव्हा आजोबांनी अंगातला कोट काढून हातात धरला होता, आणि दाराशी अंग चोरून बसून मध्ये, गिअरपाशी, जागा केली होती.